बाळंतिणीची राखण

पहिल्या भेटीत तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. नवी नर्स आली म्हणून बाई मायेनं स्वागत करतेय असं वाटून मी हसले. तिनं हात उलटे केले, नाकाशी नेले आणि हुंगले. आधी उजवा, मग डावा.

"इस्पिरीटचा वास हाय," ती म्हणाली. "बंदुकीच्या दारूचा न्हाय, धुपाच्या चिकाचा न्हाय. बस."

मग तिनं विचारलं, घरी कोण कोण असतं. मी सांगितलं, आई, दोन भाऊ, एक वहिनी. पाण्याचा तांब्या देताना तिनं पुन्हा तेच विचारलं. निघताना उंबऱ्यावर तिसऱ्यांदा विचारलं. तिन्ही उत्तरं सारखी आली तेव्हा बाईसाहेब खूश होण्याऐवजी जराशा हिरमुसल्या. खोटं सापडलं असतं तर निदान एक काम हातावेगळं झालं असतं, असा तो चेहरा होता.

मी बेळगावच्या वडगावातली. आमच्याकडे पुढच्या खोलीत माग आणि उरलेल्या जागेत माणसं. दिवसभर खटाखट ऐकत वाढलेली मी जांबोटीच्याही पुढं, जिथून बस वळून परत फिरते त्या गावातल्या उपकेंद्रात बदलून आले, तेव्हा पहिले पंधरा दिवस मला धड झोप लागली नाही. आवाजच नाही कशाचा! एवढ्या शांततेत नक्की काहीतरी शिजत असणार असं मला सारखं वाटायचं. तेव्हा एका संशयी बाईबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण मी स्वतःही काही फार भोळी नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

गाव तिला आक्का म्हणायचं. तिचं कागदोपत्री नाव माझ्या रजिस्टरात होतं, पण ते इथं लिहिलं तर ती कुठून तरी पत्ता काढत येईल आणि कुणी छापायला सांगितलं म्हणून जाब विचारील. म्हणून आक्काच. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं काटकुळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून बांधलेली, कमरेला कोयता. नवरा होता, पण तो घरात कुठं बसलेला आहे हे शोधावं लागायचं.

गावामागं सदाहरित रान आहे. भर उन्हाळ्यात आत शिरलं तरी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. त्या रानाची राखण आक्का आणि तिच्या दहा बायका करत. डुकरासाठी, भेकरासाठी कुणी तारांचे फासे लावले की काढून आणायचे, धुपाच्या झाडांना खाचा मारून चीक चोरणाऱ्यांना हुसकायचं, फळझाडांवर कुऱ्हाड पडू द्यायची नाही. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे धनेशाची घरटी सांभाळायची. हा पक्षी गिधाडाएवढा, चोच केळ्यासारखी वाकडी, उडताना पंखांचा असा भसभस आवाज की मान वर जातेच. याची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलानं, विष्ठेनं दार आतून लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. दोन-तीन महिने ती आत कोंडलेली. या काळात नराला कुणी मारलं, किंवा घाबरून तो यायचा थांबला, तर आतलं सगळं घर उपाशी मरतं.

आक्का तरुण असताना तिच्या सासऱ्यानंच असं एक झाड पाडलं होतं. झाड पडल्यावर ढोलीतून मादी निघाली, पंख झडलेली, उडता न येणारी. पोरांनी तिला दगडांनी मारली. "मी बाळंत हून दीस झाल्ते नऊ," आक्का सांगायची. "पदराखाली पोर घिऊन उभी हुते. एक शबूद बोलले न्हाय." एवढं सांगितलं की ती उठून कामाला लागायची, पुढचं तुम्ही विचारायचं नाही. पुढचं गावानं मला सांगितलं. काही वर्षांनी तीच सून हातात कोयता घेऊन दुसऱ्या एका झाडाखाली उभी राहिली आणि सासऱ्याला म्हणाली, आधी मला तोडा. त्या दिवशी तिच्या शेजारी येऊन उभी राहिलेली पहिली बाई म्हणजे यल्लूबाई. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, एकाच ओढ्यावर धुणं धुतलेल्या. पुढं बायका वाढत गेल्या.

सुरुवातीला वनखात्याची माणसं हसली. नंतर तीच माणसं कुठलं झाड कधी फळतं ते विचारायला हिच्या दारात येऊन बसू लागली. हिनं त्यांनाही कधी सरळ उत्तर दिलं नाही. आमच्याकडे दोन्ही भाषा प्रत्येकाला येतात, आणि आक्कानं त्याचं हत्यार केलं होतं. साहेब कन्नडमध्ये बोलला की ती मराठीत म्हणायची, "मला कानडी येत न्हाय वो सायब." पुण्याकडची मंडळी मराठीत विचारायला आली की मान हलवून कन्नडमध्ये "मराठी बरल्ला" असं ठणकावून सांगायची. एकदा एक जण दोन्ही भाषांत तयार होऊन आला. त्याच्यापुढं ती बहिरी झाली.

वाट विचारणाऱ्याला चुकीची वाट सांगणं हे तिच्या दृष्टीनं पाहुणचारात मोडायचं. वळणावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर ती घरामागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायची. अक्षरओळख नव्हती, पण आकडे वळणदार. रानात जाताना ती कधी पुढं चालायची नाही. तुम्ही पुढं, ती मागं. वाट तुम्हाला माहीत नसली तरी तुम्हीच पुढं, आणि मागून हुकूम, "डाव्या हाताला. आता उजव्या."

तिची सगळ्यात अजब खोड मला फार उशिरा कळली. मी आल्यावर महिनाभरात तिनं मला कानात सांगितलं होतं की ओढ्याच्या वरच्या अंगाला एका उंबराच्या ढोलीत मोठं मधाचं पोळं आहे, कुणाला बोलू नकोस. मी बोलले नाही. माझ्याशी बोलायला होतंच कोण? दोन महिन्यांनी ती येऊन म्हणाली, "पास झालीस." पोळं नव्हतंच. त्याच आठवड्यात तिनं शाळेच्या गुरुजींना दुसरी जागा सांगितली होती, दुकानदाराला तिसरी. कुठल्या जागेला माणसं धूर करायला जातात एवढंच तिला बघायचं होतं. माणसं दुकानदाराच्या जागेला गेली. त्यानंतर तिनं त्याच्या दुकानातली साखर घेणं सोडलं.

"प्रत्येकाला निराळं खोटं द्यायचं," ती म्हणाली. "म्हंजे फिरून आलं की कुणाच्या तोंडातनं आलं ते कळतंय."

पास झाले म्हणून मला काही विशेष मिळालं नाही. रानातल्या गोष्टी माझ्यासमोर बोलल्या जात नसत. मी आले की बायकांचं बोलणं पावसावर यायचं, मग तो माघ महिना का असेना. आणि यामुळंच पुढचं सगळं झालं.

या गावात येण्याआधी मी निपाणीकडच्या एका वस्तीवर होते. तिथं सतरा वर्षांच्या एका मुलीचं गरोदरपण घरच्यांनी लपवलं होतं. मला कुणकुण लागली होती. घरच्यांनी चहा दिला, पोरगी मामाकडं गेलीय म्हणाले, आणि मी चहा पिऊन परत आले. पोरगी आतल्या खोलीत होती. मला बोलावलं तेव्हा तिच्या हाताची नाडी सापडत नव्हती. तिचं नाव मी रजिस्टरात लिहिलं ते मेल्याच्या रकान्यात. तेव्हापासून कुणी 'मामाकडं गेलीय' म्हटलं की मला ती आतली खोली दिसते.

तर मी या गावात येऊन चौथं वर्ष चालू होतं, तेव्हा शिमग्याच्या आधी, उपकेंद्राच्या व्हरांड्यात यल्लूबाई आणि आणखी एक बाई बसल्या होत्या. मी आत कपाट लावत होते. त्यांना वाटलं मी मागच्या दारानं बाहेर गेलेय.

"बाळंतीण बरी हाय न्हवं?" ती बाई म्हणाली.

"बरी हाय. दादला दोनदा आलता सकाळपासनं," यल्लूबाईचा आवाज. "भरवून गेला."

"अजून कोंडूनच?"

"मग? इतक्यात कुठली भाईर पडती. उद्या गुरवार, माझा वार. सातविणीच्या उताराला मी जाते, तू नगं येऊस."

माझ्या रजिस्टरात त्या महिन्यात एकही बाळंतीण नव्हती. गरोदर दोन होत्या, दोघींना अजून चार-चार महिने होते. मग ही कोंडून ठेवलेली कोण? मी बाहेर आले आणि सरळ विचारलं, "कोण बाळंत झालंय?" मग यल्लूबाई आभाळाकडं बघत म्हणाली, "औंदा पाऊस लवकर हाय म्हनत्यात."

आणि आक्काकडं राहणारी तिची भाची, अठराही न भरलेली, महिनाभर मला दिसली नव्हती. मी आक्काकडं गेले आणि पोरगी कुठंय विचारलं.

"मामाकडं गेलीया. गुंजीला," आक्का म्हणाली.

तिच्याच पद्धतीनं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा गुंजी. एवढं पक्कं उत्तर खोट्याचंच असतं, अशी माझी खात्री पटली. दुसऱ्या दिवशी मी लांबून यल्लूबाईच्या मागं गेले. ओढा ओलांडून ती पडक्या बांधाच्या वरच्या अंगाला वळली आणि झाडीत दिसेनाशी झाली. मला पुढं जायचा धीर झाला नाही. त्या रानात कुठंतरी एका खोपटात एक पोर कोंडलेली आहे, तिच्याजवळ ना सुईण ना औषध, आणि या अकरा जणी पाळ्या लावून पहारा करताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. रान राखणारी ही थोर बाई घरातल्या पोरीला अशी राखते होय! मला तिचा मनापासून संताप आला.

त्याच दिवसांत पाय मुरगळलेला एक गृहस्थ उपकेंद्रात आला. शहरातला, गोड बोलणारा, गळ्यात मोठा कॅमेरा. जवळच्या एका रिसॉर्टमध्ये आठवडाभर उतरला होता आणि रोज रानात हिंडत होता. आक्कानं त्याच्या गाडीचा नंबर भिंतीवर दोनदा लिहिला होता, पण तिनं कुणाचा लिहिला नव्हता? पायाला पट्टी बांधता बांधता मी त्याला विचारलं, रानात कुठं खोपट दिसलं का, एखादी मुलगी दिसली का.

"का हो?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. बाळंतीण कोंडलीय, नवरा दिवसातून दोन-तीनदा येऊन भरवून जातो, ओढ्यापलीकडं पडक्या बांधाच्या वर कुठंतरी, सातविणीचा उतार म्हणतात त्या जागेला. तो ऐकता ऐकता एकदम ताठ बसला. पाय दुखत असणाऱ्याचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"खोपट काही दिसलं नाही बुवा," तो म्हणाला. "पण दिसलं तर नक्की सांगतो. तुम्ही फार चांगलं काम करता, सिस्टर."

मला ते बरं वाटलं. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

चार दिवसांनी सकाळी एक बाई ओरडत वस्तीतून धावत गेली, "बाळंतिणीकडं मान्सं शिरल्यात गं!" घराघरांतून बायका निघाल्या, कुणाचे हात पिठाचे, कुणाचे शेणाचे. मी कपाटातली बाळंतपणाची पिशवी उचलली. हातमोजे, नाळ बांधायचा दोरा, निर्जंतुक ब्लेड, बाळ गुंडाळायला धुतलेलं फडकं. पिशवी छातीशी धरून मी त्यांच्यामागं धावले. यावेळी उशीर करायचा नाही, एवढंच डोक्यात होतं.

ओढा, बांध, मग चढ. वर एका प्रचंड बेहड्याच्या झाडाखाली सात-आठ पुरुष उभे होते. तीन पायांचे स्टँड, त्यांवर हातभर लांब कॅमेरे. नीट दिसावं म्हणून मधल्या फांद्या तोडून टाकलेल्या. एक जण मोबाईलवर कुठल्याशा पक्ष्याचा आवाज लावत होता. मी धापा टाकत विचारलं, "कुठंय? बाळंतीण कुठंय?"

सगळे कॅमेरे वर बघत होते, म्हणून मीही वर बघितलं. खोडात उंचावर एक चिखलानं लिंपलेली ढोली. मधे बोटभर फट. फटीत पिवळ्या चोचीचं टोक हललं आणि आत गेलं. म्हणजे आक्काची भाची खरंच गुंजीला होती.

माझ्या पिशवीतलं फडकं खाली पडलं ते कुणीतरी पायाखाली तुडवलं. माझा पट्टी बांधलेला पेशंट हसत पुढं आला आणि आक्काला नमस्कार करत म्हणाला, "हाच ना तो सातविणीचा उतार? काय सुंदर जागा राखलीय तुम्ही!"

आक्का कोयता घेऊन त्यांच्या अंगावर धावत होती, ती तिथंच थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती वळली आणि यल्लूबाईकडं बघत राहिली.

मला तेव्हा कळलं नाही, नंतर बायकांनी सांगितलं. तिथं सातविणीचं झाडच नाही. आसपास कुठंच नाही. आक्कानं त्या जागेला दहा जणींसाठी दहा नावं दिली होती. एकीला म्हशीचं पाणी, एकीला काळा धोंडा, एकीला आणखी काही. प्रत्येकीनं आपलं नाव फक्त आक्काशी बोलताना काढायचं, आपसांत नुसतं 'बाळंतीण' म्हणायचं. सातविणीचा उतार हे नाव यल्लूबाईचं होतं.

माणसांना बायकांनी हाकललं. वनखात्यानं नंतर त्यांना समज दिली म्हणे. पण आदल्या दिवशी बायकांचा पहारा उठल्यापासून त्यांचा तळ तिथं पडला होता, आणि ते आवाज, त्या तोडलेल्या फांद्या, यांनी नर बिथरला होता. तो लांबच्या झाडावर यायचा, चोचीत फळ धरून बसायचा आणि तसाच परत जायचा. बायका लांबून, श्वास रोखून बघायच्या. पाचव्या दिवशी मादीनं दार फोडलं आणि ती बाहेर पडली. पंख पुरते आलेले नव्हते. कशीबशी दोन फांद्या उडाली आणि झाडीत गेली. ढोलीतून पिल्लाचा आवाज येत होता तो आणखी एक दिवस आला, मग थांबला.

आक्कानं त्या संध्याकाळी बायकांना उपकेंद्राच्या अंगणात बसवलं आणि यल्लूबाईला सांगितलं, "उद्यापासनं तू यायचं न्हाय. आमच्यात न्हाय तू." एवढंच. यल्लूबाई उठली, पदर खोचला आणि घरी गेली. कुणी तिच्या बाजूनं बोललं नाही. आक्काच्या पद्धतीत चूक निघाल्याचं आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

मी तिथं उपकेंद्राच्या दारात उभी राहून हे ऐकत होते. माझं तोंड उघडलं नाही. निपाणीकडं जशी चहा पिऊन परत आले होते, तशीच त्या दिवशी आत गेले आणि दार लावून घेतलं. मला भीती वाटली, दुसरं काही कारण नाही. गावानं पाठ फिरवली तर त्या गावात एकट्या नर्सनं राहायचं कसं, हा विचार मी केला.

तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी गेले. आक्का सुपात नाचणी घोळत बसली होती.

"आक्का, त्या माणसाला मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. रजिस्टर, भाची, निपाणीकडची पोरगी, पट्टी, सगळं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. पुन्हा विचारलं, "काय सांगितलंस?" मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू फुटलं, पण उत्तर तेच होतं.

"नाव कुठनं कळलं तुला?"

"यल्लूबाई व्हरांड्यात बोलताना ऐकलं. पण त्या मला सांगत नव्हत्या, आक्का. मी लपून ऐकलं."

"म्हंजे यल्लूच बोलली."

"मी ऐकलं नसतं तर... आणि ओढ्यापलीकडची वाट तर मीच दाखवली त्याला!"

"तू भाईरची," आक्का म्हणाली. "वाऱ्यानं दार उघडलं तर वाऱ्याला शिव्या दिऊ व्हय? कडी कुणी लावली न्हाय ते बघायचं. तुझ्यावर राग न्हाय माझा. जा, च्या घे, आत केलाय."

मी शिक्षा घ्यायला गेले होते. चार शिव्या दिल्या असत्या, गाव सोड म्हणाली असती, तरी मला चाललं असतं. ही माझ्यावर रागवायलासुद्धा तयार नव्हती! इतकी वर्षं त्यांची बाळंतपणं केली, पोरांना सुया टोचल्या, आणि हिच्या हिशेबी मी कोण, तर वारा. वरून माझ्याच कबुलीनं यल्लूबाईवरचा आळ पक्का झाला. चहा न घेता मी घरी आले.

यल्लूबाई रक्तदाब तपासायला आली तेव्हा मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं मला दंडाला धरून उठवलं. "असं काय करतीस शिष्टर? बोलले की मी. ठाऊक असून बोलले. आक्कानं बरोबर केलं." रक्तदाब मात्र त्या दिवसापासून वाढलेलाच राहिला. औषध बदलून बघितलं, मीठ कमी करायला सांगितलं. उपयोग नव्हता.

दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. ओढ्यावर एक आली की दुसरी धुण्याची बुट्टी उचलून घरी जाई. एवढ्याशा गावात न बोलता राहणं म्हणजे केवढा खटाटोप, पण दोघींनी तो नेटानं केला.

पुढच्या वर्षी माघात बायका पुन्हा त्या बेहड्याकडं डोळे लावून बसल्या. येईल की नाही, यावर रोज वाद. एके दिवशी सगळ्याजणी एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या, तेव्हाच मला कळलं की ती आली. दार लिंपलं गेलं. आक्कानं पुन्हा वार वाटले. गुरुवार पूर्वी यल्लूबाईचा होता. तो तिनं कुणाला दिला नाही. एक-दोघी म्हणाल्या, आम्ही करतो. तिनं "नगं" म्हणून उडवून लावलं. सगळ्यांनी गृहीत धरलं की गुरुवारी ती स्वतः जाते.

पण गुरुवार हा माझा लसीकरणाचा दिवस. आणि लसीकरणाला आक्का सकाळपासून उपकेंद्राच्या पायरीवर ठाण मांडून बसायची. मोठ्या केंद्रातून औषधांची पेटी घेऊन येणाऱ्या माणसाचे हात हुंगायला. दुपारपर्यंत ती तिथून हलायची नाही. एक गुरुवार गेला, दोन गेले. तिसऱ्या गुरुवारी मला राहवेना. गेल्या वर्षी जे झालं ते झालं, पण म्हणून आठवड्यातला एक अख्खा दिवस झाड उघडं टाकायचं? का गावालाही न सांगता हिनं आणखी काही घाट घातलाय? एका बाळाला सुई टोचून मी बाहेर आले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"आक्का, आज तिकडं कोण आहे?"

"कुठं?"

"बाळंतिणीकडं."

तिनं इकडंतिकडं बघितलं. आया आपापल्या रडणाऱ्या पोरांत गुंतल्या होत्या.

"यल्लू," ती म्हणाली.

"तिला तर तुम्ही काढलंय!"

"काढलंय की. म्हनून तर वड्याच्या पल्याडच्या काठावर बसती. झाडाखाली येत न्हाय."

"तुम्ही तिला सांगितलंत बसायला?"

"मी कशाला सांगू? बोलत न्हाय मी तिच्याशी."

"मग जाऊन बघून आलात?"

"न्हाय."

"कुणी सांगितलं, ती बसते म्हणून?"

"कुणी न्हाय."

"मग तुम्हाला कळलं कसं, आक्का?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अगदीच येड्यासारखं विचारलंय.

"गुरवार हाय न्हवं आज?" ती म्हणाली. "तिचा वार हाय. दुसरीकडं कुठं जाईल ती?"

आतून पुढच्या बाईनं हाक मारली. मी उठून गेले, बाळाचं कार्ड हातात घेतलं, पण त्यावरचं नाव मला बराच वेळ वाचता आलं नाही.